पावसाळ्याआधी घरातल्या बॅटऱ्या: आधी ओळखा, मग भरा, मग ठेवा

बॅटऱ्या वापरून कमी मरतात, चुकीचा नियम लावल्यामुळे जास्त मरतात. मोबाईलचा नियम इन्व्हर्टरला लावला जातो आणि इन्व्हर्टरचा फवारणी पंपाला. ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नको’ हा सल्ला अजून घरोघरी ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम सेलांच्या काळातला आहे. पंपाच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीला तो लावला, तर वॉरंटी संपायची वाट बघावी लागत नाही.

एवढं लक्षात ठेवा: लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते, आणि लिथियम गच्च भरून गरम जागी राहिली की मरते. पुढच्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

हे काम मे महिन्यातच उरका. बेळगाव जिल्ह्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस लागला आणि तारेवर झाड पडलं की लाईट कधी येईल याचा नेम नसतो, आणि तेव्हा बॅटरी उघडून बसण्यात अर्थ नाही. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, पण तिथलं एप्रिल-मेचं ऊन बॅटरीला पावसापेक्षा वाईट. पत्र्याच्या खोलीत इन्व्हर्टर असेल तर तुमच्यासाठी हा लेख बारा महिन्यांचा आहे.

पायरी १: बॅटरी कोणत्या जातीची ते ओळखा

लेबल पुसलेलं असलं तरी बॅटरी ओळखता येते.

१. वर सहा टोपणं आहेत, त्यात लाल-हिरवे तरंगते दांडे आहेत, आणि उचलायला दोन माणसं लागतात: ही ट्यूब्युलर लेड-ॲसिड. या यादीत हिलाच पाणी लागतं.

२. आकार लहान पण हाताला चांगलीच जड, वर एकही उघडणारं टोपण नाही, बाजूला १२ व्होल्ट आणि ७, ८ किंवा १२ एएच (ॲम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिहिलेलं: ही सीलबंद लेड-ॲसिड. लेबलवर एसएमएफ, व्हीआरएलए किंवा एजीएम असं काहीतरी असतं. कॉम्प्युटरचा यूपीएस, बहुतेक जुने बॅटरी पंप, शेताच्या कुंपणाचं झटका मशीन आणि आताच्या बहुतेक मोटरसायकलींत हीच असते.

३. तेवढ्याच आकाराची पण उचलताच हलकी लागणारी, लेबलवर १२.८ व्होल्ट किंवा एलएफपी लिहिलेली: लिथियम आयर्न फॉस्फेट. नवे पंप, सोलर दिवे आणि काही नवे इन्व्हर्टर यावर चालतात.

४. मोबाईल, लॅपटॉप, चार्जिंगचा टॉर्च: लिथियम-आयन. एका सेलचा व्होल्टेज ३.६ किंवा ३.७ लिहिलेला असतो, पूर्ण भरल्यावर तो ४.२ पर्यंत जातो. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये कंपनीप्रमाणे ही किंवा एलएफपी असते, तेव्हा पुस्तिका बघा.

५. पेन्सिल सेल, रिमोटचे बारीक सेल, बटण सेल: याकडे शेवटी येऊ.

*तपासणी:* घरातल्या प्रत्येक बॅटरीवर मार्करने जात आणि बसवल्याची तारीख लिहा. वॉरंटीचं कार्ड हरवतं, डब्यावरचं मार्कर राहतं.

*ताकीद:* इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं. बॅटरी बदलली आणि बटण जुन्याच जागी राहिलं, ही चूक फार घरांत सापडते. ट्यूब्युलरच्या सेटिंगवर सीलबंद बॅटरी जास्त भरली जाऊन फुगते. एसएमएफच्या सेटिंगवर ट्यूब्युलर कधीच पुरी भरत नाही.

पायरी २: सामान आधी जमवा

मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायला), हायड्रोमीटर (ॲसिडाची घनता मोजायला), बॅटरीचं पाणी, प्लास्टिकचं नरसाळं, मापाचा पाना, रबरी हातमोजे, चष्मा, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश आणि व्हॅसलीन. हायड्रोमीटर ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो. साधा डिजिटल मल्टिमीटर महाग नसतो आणि या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे लोक वाद घालतात. बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर, डबाबंद. बोअरचं पाणी तर नाहीच. फिल्टरचं, आरओचं, उकळून गार केलेलंही नाही, कारण उकळल्याने क्षार जात नाहीत. खानापूर भागात पागोळ्यांचं पाणी धरून वापरणारे आहेत. पत्र्यावरून आलेल्या त्या पाण्यात धूळही येते आणि लोखंड-जस्तही. एकदा क्षार आत गेले की ते परत काढता येत नाहीत.

पायरी ३: इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्याही क्रमाच्या. बहुतेक जण आधी पाणी ओततात आणि मग चार्ज करतात. क्रम उलटा हवा.

१. आधी बघा. खोलीची खिडकी उघडा. अंगठी, कडं, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. देवघरातला दिवा, उदबत्ती, बिडी-सिगारेट त्या खोलीत नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. दांडे खाली लाल खुणेपर्यंत गेले असतील तर एकेक टोपण उघडून टॉर्चने आत बघा. प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला. झाकलेल्या असतील तर आत्ता एक थेंबही नको.

२. पूर्ण चार्ज करा. १५० एएचची बॅटरी साधारण १५ ॲम्पिअरने भरते. म्हणजे रिकामी असेल तर रात्रभर, निम्मी असेल तरी पाच-सहा तास. शेवटचा भाग हळू भरतो, तेव्हा घाई करू नका.

३. ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडाची घनता, मोजा, पाणी घालायच्या आधी. वरून घातलेलं पाणी लगेच मिसळत नाही, वरच तरंगतं. त्यामुळे नंतर मोजलेलं माप खोटं येतं. हायड्रोमीटरचा फुगा दाबून नळी ॲसिडात घाला, हळू सोडा. आतला काचेचा तरंगता भाग मोकळा तरंगला पाहिजे, नळीच्या भिंतीला चिकटलेला नको. डोळा ॲसिडाच्या रेषेत आणून वाचा. सहाही सेल वाचा, सहा आकडे लिहा.

इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला २७ अंश तापमानात साधारण १.२४० येतो. बॅटरीवाले त्याला ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. गाडीच्या बॅटरीचा आकडा थोडा वर, १.२६५ च्या आसपास असतो. ॲसिड गरम असलं की आकडा कमी दिसतो. दर १० अंशांना सुमारे ७ पॉइंट, म्हणजे ०.००७, धरा. मेमध्ये ३७ अंशाला १.२३३ आला तर तो १.२४० च आहे, बॅटरीवाल्याला फोन करायची गरज नाही.

*तपासणी:* पाच सेल १.२३५ च्या आसपास आणि एकच १.१९० असेल, तर त्या एका सेलमध्ये दोष आहे. ३० पॉइंटांहून जास्त फरक आणि तो पुन्हा पूर्ण चार्ज करूनही तसाच, म्हणजे वॉरंटी असेल तर आजच कार्ड काढा. सगळे सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी नुसती अर्धवट भरलेली आहे.

४. आता पाणी. चार्ज होताना आतलं पातळ फुगतं. आधी काठोकाठ भरून मग चार्ज केलं की टोपणातून ॲसिड उतू जातं, टर्मिनल सडतात आणि ॲसिडाचं प्रमाण कायमचं कमी होतं. म्हणून चार्ज झाल्यावर, दांडा हिरव्या खुणेपर्यंत येईल इतकंच घाला. दांडा फक्त पाण्याची पातळी दाखवतो. ‘दांडा वर आहे म्हणजे बॅटरी चार्ज आहे’ हे खरं नाही.

*ताकीद:* ॲसिड कधीही घालू नका. दुकानदार ‘जोर येईल’ म्हणाला तरी नाही. पाणी उडून जातं, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड घातलं की हायड्रोमीटरचा आकडा छान दिसतो आणि प्लेटा आतून खाल्ल्या जातात.

५. टर्मिनल. आधी इन्व्हर्टरचं बटण आणि मेन दोन्ही बंद. मग आधी निगेटिव्ह सोडा, नंतर पॉझिटिव्ह. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकू देऊ नका. पांढरा-निळा बुरा कोमट पाण्यात सोडा कालवून ब्रशने घासा. टोपणं घट्ट असू द्या, सोड्याचा थेंब आत जाता कामा नये. कोरडं करा, जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन आवळल्यानंतर, आधी नाही.

ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर साध्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि तसेच दवाखान्यात जा. डोळ्यात सोडा घालायचा नाही.

६. किती चालेल याचा हिशेब. १५० एएच गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास, पण ते कागदावर. निम्मीच बॅटरी वापरायची ठरवली आणि इन्व्हर्टरमधली तूट धरली की हाती साधारण ७५० उरतात. दोन पंखे, चार एलईडी आणि टीव्ही मिळून २५० वॅट असतील तर तीन तास. पंखा एकच ठेवला आणि टीव्ही बंद केला तर दुपटीहून जास्त.

हा हिशेब पावसाळ्यात फार उपयोगी पडतो. सहा तास लाईट गेली, तीन तास आली, पुन्हा गेली, असं आठवडाभर चाललं तर बॅटरी एकदाही पूर्ण भरत नाही. अर्धवट राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो मग सहजी निघत नाही. अशा आठवड्यात लोड निम्म्यावर आणा. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर यांची तर गोष्टच नको.

पाण्याची पातळी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा बघा. आणि ‘बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते’ ही भीती सोडून द्या, आताच्या प्लास्टिकच्या डब्याला ती लागू नाही. ट्रॉली हवी ती पावसात घरात शिरणाऱ्या पाण्यासाठी.

पायरी ४: बॅटरी पंप, झटका मशीन, यूपीएस

सीलबंद बॅटरीत पाणी घालायचं नाही. वरची पट्टी उचकटून सिरिंजने पाणी सोडणारे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. तिला हवं ते एवढंच: वेळेवर चार्ज आणि गार जागा.

फवारणी पंपाची बॅटरी फवारताना क्वचितच जाते. ती जाते कोपऱ्यात. निपाणी-चिकोडीकडे उसाची फवारणी संपली, खानापूरकडे काजूच्या मोहोराची झाली, की पंप धुऊन माळ्यावर टाकतात, आतली बॅटरी अर्धी उतरलेली. पुढच्या हंगामात बटण दाबलं की नुसतीच घरघर. क्रम असा ठेवा:

१. नोझलची धार ढिली पडली की थांबा. पंप पूर्ण बंद पडेपर्यंत ओढू नका.

२. घरी आल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावा. उद्यावर टाकू नका.

३. हंगाम संपला की पूर्ण चार्ज करा, बॅटरीची एक वायर काढून ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा भरा. तारीख कॅलेंडरवर लिहा, संकष्टीच्या खुणेशेजारी लिहिली तर विसरत नाही.

*तपासणी:* चार्जर काढून किमान चार-पाच तास थांबा, मग मल्टिमीटर लावा. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या खाली गेली तर आजच भरा. चार्जर काढल्या-काढल्या १३ च्या पुढचा आकडा दिसतो, तो फसवा असतो. रात्रभर चार्ज करूनही सकाळी ११ च्या खाली असेल तर एखादा सेल गेला आहे, तिच्यावर वेळ घालवू नका.

झटका मशीनचा प्रश्न वेगळा आहे. गवे आणि रानडुकरं भातात शिरतात ती नेमकी पावसाळी रात्री, आणि सोलर पॅनेलला ऊन मिळत नाही तेही त्याच महिन्यांत. त्यात पॅनेल काजूच्या किंवा आंब्याच्या सावलीत असेल तर बॅटरी जून ते सप्टेंबर अर्धपोटीच राहते. दर दोन-तीन आठवड्यांनी ती घरी आणून चार्जरवर पूर्ण भरा. शक्य असेल तर दोन बॅटऱ्या आलटून-पालटून वापरा. तारेला लागलेलं गवतही कापत जा, ओल्या गवतातून करंट जमिनीत जातो आणि बॅटरी रात्रीत उतरते.

*ताकीद:* झटका मशीन नसेल त्या दिवशी कुंपणाला घरचा करंट थेट जोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत.

यूपीएसची बॅटरी बहुतेक ठिकाणी उष्णतेने मरते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की सीलबंद बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. यूपीएस भिंतीला चिकटवून, वर कागदांचा गठ्ठा ठेवून चालवू नका. डबा फुगलेला दिसला तर लगेच काढा.

ट्रॅक्टर आणि गाडीला हेच नियम लागू. गळीत हंगाम संपून ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह सोडून ठेवा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसत नसतील, तर नवी बॅटरी घ्यायच्या आधी अल्टरनेटर तपासा.

पायरी ५: लिथियम

इथे वरचे निम्मे नियम उलटे होतात.

१. रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवलेली बरी. लांबचा पल्ला असेल तेव्हा १०० करा, त्याने काही बिघडत नाही. १०० करून दिवसेंदिवस उन्हात किंवा चार्जरवर ठेवणं हे खरं दुखणं. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर त्यात ८० टक्क्यांची मर्यादा लावायची सोय आहे का बघा.

२. एलएफपी थोडी वेगळी. तिचा व्होल्टेज बराच काळ एकाच जागी राहतो, त्यामुळे टक्के चुकीचे दिसू लागतात. कंपनीने सांगितलं असेल त्याप्रमाणे अधूनमधून पूर्ण १०० करा, म्हणजे आतले सेल एका पातळीवर येतात.

३. स्कूटर दुपारी चालवून आणली की लगेच चार्जर लावू नका, अर्धा-एक तास गार होऊ द्या. चार्जर तिचाच वापरा. प्लग चांगल्या अर्थिंगच्या पॉइंटला लावा, एक्स्टेन्शन बोर्डाला नाही.

४. चार्जिंगची जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: ही पेटली तर घरातली माणसं कुठून बाहेर पडतील? जिन्याखाली किंवा एकुलत्या दारात चार्जिंग नको. जुन्या गल्लीतल्या अरुंद घरांत हीच जागा सोयीची वाटते, तरीही नको.

*ताकीद:* फुगलेला मोबाईल किंवा पॅक दाबून बसवू नका, टाचणीने हवा काढू नका, चार्जिंगला लावू नका. पुराच्या पाण्यात बुडालेली स्कूटर वाळवून चालू करू नका, घराबाहेर मोकळ्यावर उभी करा आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा. धूर दिसला तर सामान वाचवत बसू नका, बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला आणि लिथियमचा लेड-ॲसिडला लावू नका. पंपाची जुनी बॅटरी काढून लिथियम बसवणार असाल तर चार्जरही बदलायचा, तो वाचवू नका.

नवा मोबाईल ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हे आता कोणत्याच मोबाईलला लागू नाही.

पायरी ६: छोटे सेल

नवे-जुने, वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घालू नका, अशक्त सेल उलटा भरला जाऊन गळतो. महिनाभर न वापरायच्या वस्तूतून सेल काढून ठेवा. भिंतीच्या घड्याळाला साधा झिंक-कार्बन सेल पुरतो. कॅमेरा आणि खेळण्यांना अल्कलाईन किंवा रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राईड घ्या. रिचार्जेबलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते बरोबर आहे, सेल खराब नाही. साधे सेल चार्जरमध्ये घालू नका.

बटण सेल मात्र किरकोळ समजू नका. रिमोट, वजनकाटा, दिव्यांची खेळणी यात असणारा सीआर २०३२ सारखा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि बटण सेल गिळला असं स्पष्ट सांगा. सुटे सेल वरच्या फळीवर ठेवा आणि वापरलेल्यालाही चिकटपट्टी गुंडाळा.

पायरी ७: बदलताना आणि टाकताना

सीमाभागात निपाणीचा माणूस बॅटरी कोल्हापुरात घेतो आणि भालकीचा उदगीरला. भाव बरा मिळतो, पण घेण्याआधी दुकानदाराला विचारा: वॉरंटीचा दावा आमच्या गावाजवळच्या सर्व्हिस सेंटरला घेतील का, की बॅटरी परत इथेच आणावी लागेल? पन्नास-साठ किलोचं धूड बसमधून परत नेता येत नाही. बिलावर बॅटरीचा नंबर लिहून घ्या, कार्डावर शिक्का आणि तारीख घ्या. बिलाचा फोटो काढून ठेवा, कागदावरची शाई वर्षभरात उडते. वॉरंटीतली ‘बदलून’ मिळण्याची मुदत आणि त्यानंतरची ‘सवलतीत’ मिळण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही आकडे वाचा.

पॅकवरची उत्पादनाची तारीखही बघा. दुकानात सात-आठ महिने पडलेली सीलबंद बॅटरी घेत असाल तर समोर मल्टिमीटर लावायला सांगा. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

जुनी लेड-ॲसिड बॅटरी दुकानदार वजनावर किंवा बदल्यात घेतो, तिथेच द्या आणि ती रक्कम नव्या बिलात वजा झालेली दिसते का ते बघा. वजन वाचवायला ॲसिड गटारात किंवा परसात ओतणारे आहेत. त्या ॲसिडात शिसं असतं आणि ते विहिरीपर्यंत जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा दुकानदाराने टाळाटाळ केली तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा.

लिथियम पॅक भंगारवाल्याला देऊ नका, तो हातोडीने फोडतो. टर्मिनलना चिकटपट्टी लावा, पॅक पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. फुगलेला असेल तर आधी फोन करून घ्यायला येतात का विचारा, बसमधून नेऊ नका.